पहिला अर्धा तास घरच्यांचा: कोकणातल्या घरासाठी प्रथमोपचाराची तयारी

मिरगाच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्याकडे लाकडं पडवीत रचून घ्यायची घाई. अशाच एका संध्याकाळी काकूने लाकडांच्या राशीत हात घातला आणि "काहीतरी चावलं गो" म्हणत मागे सरली. फुरसं होतं, जेमतेम हातभर लांबीचा विषारी साप. पाच मिनिटांत खळ्यात सगळी वाडी जमली. एकाने कोपराच्या वर सुंभ आवळलं, दुसऱ्याने ब्लेड मागितलं, तिसरा विष उतरवणाऱ्याला आणायला धावला. कुणीतरी मिरची चावायला दिली, तिखट लागतंय का ते बघायला. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि हातात बॅटरी धरून उभा होतो.

काकूच्या हातातल्या काचेच्या बांगड्या मात्र कुणीच काढल्या नाहीत. रिक्षात हात सुजत गेला, बांगड्या मनगटात रुतल्या आणि शेवटी रिक्षावाल्याच्या पकडीने त्या एकेक फोडाव्या लागल्या. पहिल्यांदा जिथे नेलं तिथे सर्पदंशाचं इंजेक्शन संपलेलं होतं. दुसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत साडेतीन तास गेले होते. काकू वाचली, पण ते बोट आजही पुरतं वळत नाही.

त्या रात्री धावणारा प्रत्येक माणूस जिवाच्या आकांताने धावत होता. मात्र काय करायचं, काय करायचं नाही आणि कुठे जायचं, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ते सगळं एखाद्या निवांत दुपारी शिकता आलं असतं. त्यानंतरच्या वर्षांत मी ते शिकलो, प्रशिक्षणं केली, वाडीत शिकवलं. खाली लिहिलंय ते त्यातूनच आलेलं. हे डॉक्टरांना पर्याय म्हणून नाही. डॉक्टरांपर्यंत माणूस जिवंत आणि धड पोहोचावा, एवढ्यासाठी आहे.

आधी घड्याळ लावून चाला

औषधाची पेटी, पुस्तक, व्हिडिओ हे सगळं नंतर. आपलं घर वाडीत, वाडी डोंगराच्या कुशीत आणि डांबरी रस्ता पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या टोकाला. म्हणून पहिली पायरी म्हणजे घरापासून गाडी उभी राहते तिथपर्यंत, माणसाला उचलून नेत असल्यासारखं सावकाश, घड्याळ लावून चालायचं. आमच्या घरापासून ते अंतर एरवी सहा मिनिटांचं आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाला चौघांनी उचलून नेताना सतरा मिनिटं लागली. ओला जांभा निसरडा असतो, त्यामुळे पावसात आणखी वेळ धरा. वाटेतला साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, जुलैत पाण्याखाली जातो का, आणि जात असेल तर दुसरी वाट कोणती, हेही आत्ताच ठरवा.

मग आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि नीट विचारा. प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, आहे का? किती कुप्या आहेत? रात्री डॉक्टर मुक्कामाला असतात का? ऑक्सिजन आहे का? इथे झेपलं नाही तर पेशंट कुठे पाठवता? तेच प्रश्न जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातही विचारा. विचारायला संकोच वाटत असेल तर आशाताईंना सोबत घ्या, त्यांना सगळी माहिती असते आणि त्यांना विचारलेलं आवडतं. सापाच्या विषावरचं औषध कुठे मिळतं, मेंदूचा सीटी स्कॅन कुठे होतो आणि अडलेल्या बाळंतिणीचं सिझेरियन कुठे होतं, ही तीन ठिकाणं वेगवेगळी असू शकतात. ती वेगवेगळी लिहून ठेवा. एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसात खात्री करून घ्या, कारण साठा संपतो आणि रस्तेही बंद होतात.

१०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि ती मोफत असते. ११२ वरूनही मदत मिळते. पण फोनवर पत्ता सांगताना भलेभले अडखळतात. "आमचं घर, ते आपलं, वरच्या वाडीत" एवढ्यावर चालकाला काहीच कळत नाही. तालुका, गाव, वाडी, मुख्य रस्त्यावरचा फाटा, फाट्यापासूनची खूण आणि गाडी कुठपर्यंत येते, हे दोन वाक्यांत लिहून भिंतीवर लावा. घरात रेंज येत नसेल तर ती कुठे येते, सड्यावर की देवळाच्या पायरीवर, हेही त्याच कागदावर लिहा. मुंबईहून गणपतीला आलेल्या पोरांना ते माहीत नसतं.

याच कागदावर घरातल्या प्रत्येक वयस्क माणसाचं नाव, रोजच्या गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी आणि आधीचे आजार येऊ द्या. कोकणातल्या कितीतरी घरांत आता फक्त म्हातारा-म्हातारी असतात आणि मुलं मुंबई-पुण्यात. शेजारच्या घराला हा कागद कुठे लावलाय ते माहीत असणं म्हणूनच गरजेचं आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ठळक लिहा.

साप: इथे थोडं थांबून वाचा

आपल्याकडे जिवावर बेतणारे दंश मुख्यतः चार सापांचे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. भारतात मिळणारं प्रतिसर्पविष या चौघांवर चालतं. घोड्याला सापाच्या विषाच्या थोड्या थोड्या मात्रा टोचून त्याच्या रक्तातून ते तयार करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेकडून हे काम कित्येक वर्षं होत आलंय.

फुरसं कातळावर, गडग्याच्या भेगांत, दगडाखाली आणि गवतात असतं. वेटोळ्यावर वेटोळं घासून ते खरखर आवाज करतं, आणि डोक्यावर बाणासारखी खूण असते. त्याच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. आधी नुसती सूज दिसते, मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागतं. "छोटंसं तर होतं, काय होणार" असं म्हणून घरी थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. घोणशीच्या अंगावर साखळीसारखे ठिपके असतात आणि ती कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. तिच्या विषाने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

मण्यार मला सगळ्यांत जास्त घाबरवते. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, बऱ्याचदा खूणही सापडत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, आणि घरचे ओवा-हिंग देतात. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं, शेवटी श्वास थांबतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे अचानक कळ आली आणि पापण्या मिटू लागल्या, तर खूण शोधत बसू नका, थेट दवाखान्यात न्या. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपणं हा मण्यारीवरचा स्वस्तातला आणि खरोखर उपयोगी पडणारा उपाय आहे.

दंश झाल्यावर काय करायचं ते आता क्रमाने.

सापापासून दूर व्हा. त्याला मारू नका, पकडू नका, डॉक्टरांना दाखवायला पिशवीत घालून नेऊ नका. लांबून सहज फोटो मिळाला तर ठीक.

माणसाला बसवा किंवा आडवं करा, आणि त्याच्याशी शांतपणे बोला. पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. हे त्याला सांगा, ते खरं आहे. पण म्हणून घरी थांबू नका.

अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ, करगोटा पहिल्या पाच मिनिटांत काढा. सूज यायच्या आधी बांगडी साबणाने सहज निघते.

चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यावर धरतो तसा स्थिर ठेवा. बांबूची कांब किंवा दुमडलेला जाड पुठ्ठा खाली ठेवून वर ओढणी सैल गुंडाळा, एक बोट आत जाईल इतकी सैल. स्नायू हलले की विष लवकर पसरतं, म्हणून माणसाला एक पाऊलही चालवू नका.

दंशाची वेळ लिहा. पेनने सुजेच्या कडेवर रेघ ओढून शेजारी वेळ टाका, दर अर्ध्या तासाने नवी रेघ. काकूच्या हातावर अशी एकही रेघ नव्हती. त्यामुळे सूज किती वेगाने चढते आहे ते डॉक्टरांना आम्हाला सांगता आलं नाही.

दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका, बर्फ लावू नका, दारू देऊ नका. आवळलेल्या दोरीने रक्तपुरवठा थांबतो, आणि विषाने आधीच नासत असलेला भाग आणखी नासतो. कुणी आधीच घट्ट बांधून टाकली असेल तर वाटेत घाईने सोडू नका, कारण साठलेलं विष एकदम अंगभर जातं. ती डॉक्टरांसमोर सोडायची. दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढतो. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर वळवा.

दवाखान्यात २ मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विषाने रक्तावर परिणाम केलाय हे कळतं. ती वीस मिनिटं वाया जात नसतात, डॉक्टरांशी वाद घालू नका. गरज ठरली की सुरुवातीला सहसा ८ ते १० कुप्या शिरेतून देतात. काहींना त्या इंजेक्शनची तीव्र अ‍ॅलर्जी येते, म्हणून ते दवाखान्यातच द्यायचं असतं.

विष उतरवणाऱ्यांविषयी एक सांगतो. ती आपल्याच गावची माणसं आहेत आणि बहुतेकांच्या मनात कपट नसतं. आमच्या वाडीतले आजोबा आता नारळ हातात घेऊन गाडीत बसतात आणि पेशंटसोबत दवाखान्यात येतात. देवाचं नाव गाडीतही घेता येतं, हे त्यांनाच पटवायला मला दोन वर्षं लागली.

विंचू

लाल विंचू चावल्यावर लहान मूल दगावणं ही आपल्याकडे एकेकाळी नेहमीची गोष्ट होती. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्याच रुग्णांवर वर्षानुवर्षं काम करून प्राझोसिन हे औषध यावर उपयोगी ठरतं हे दाखवून दिलं. आधी ४० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण त्यामुळे १ टक्क्यावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपण लक्षात काय ठेवायचं? उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं, छातीत धडधड, खोकल्याबरोबर फेस, यांतलं काहीही दिसलं की एक क्षण घरी थांबायचं नाही. मूल असेल तर लक्षणांची वाटही बघायची नाही. गोळी मात्र स्वतःच्या मनाने द्यायची नाही, तिने रक्तदाब एकदम खाली जातो.

समुद्र आणि खाडी

बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारणारा दुसरा माणूसही बुडतो, हे आपल्या किनाऱ्यावर वारंवार घडतं. आधी काहीतरी फेका: दोरी, झाकण लावलेला रिकामा कॅन, बोयरा, ट्यूब. काठी पुढे करा. आत खेचणाऱ्या पाण्याच्या ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे सरळ पोहायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीतून बाहेर पडायचं.

बाहेर काढल्यावर माणसाला उलटं टांगणं, पोट दाबणं, गरागरा फिरवणं हे सगळं थांबवा. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी फुप्फुसात जातं. हाक मारा, खांदे हलवा, श्वास चालू आहे का ते दहा सेकंद बघा. नसेल तर एकाला १०८ ला फोन करायला सांगा आणि सुरू करा. बुडालेल्याला मुळात हवा कमी पडलेली असते, म्हणून आधी हनुवटी उचलून, नाक दाबून, तोंडाने दोन श्वास द्यायचे. मग छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून, कोपर ताठ ठेवून ३० दाब, पुन्हा दोन श्वास. मोठ्या माणसाची छाती ५ सेंटिमीटर खाली जायला हवी, आणि प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर यायला हवी. गती मिनिटाला १०० ते १२०. घड्याळ लावून १५ सेकंदांत २५ ते ३० दाब बसतात का ते घट्ट भरलेल्या उशीवर आजच करून बघा. दोन मिनिटांत दम लागतो, तेव्हा माणूस बदला. हृदय अचानक बंद पडून कोसळलेल्या माणसाला श्वास द्यायला जमत नसेल, तर नुसते दाब चालू ठेवले तरी चालतात.

ही एकच गोष्ट वाचून येत नाही, हातांना शिकवावी लागते. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स यांची प्रशिक्षणं असतात. पुतळा आणून गावातही शिकवणारे मिळतात. पंधरा-वीस जण जमवा आणि बोलवा.

शुद्धीवर आलेला माणूस "मी बरा आहे" म्हणाला तरी दवाखान्यात न्या. फुप्फुसांचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

पाकट किंवा शिंगाळा या माशांचा काटा लागला तर जखम धुवा आणि तो भाग सोसवेल इतक्या कडक पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. वेदना झपाट्याने उतरते. काटा पोटात, छातीत किंवा मानेत घुसला असेल तर ओढू नका. जेलीफिशला वाळू चोळू नका आणि गोडं पाणीही ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू चिमट्याने काढा.

कोयता, माड आणि खाली पडलेला माणूस

कोयत्याच्या घावावर हळद, कॉफी, चुना घालू नका. स्वच्छ सुती कापडाची घडी ठेवून तळहाताने दाबा, आणि दहा मिनिटं उचलून बघू नका. कापड भिजलं तर वर दुसरं ठेवा. हातापायातून रक्त उसळून येत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी आवळा आणि वेळ लिहा. सर्पदंशाला बांधायचं नाही आणि इथे वेळ पडल्यास बांधायचं, हा फरक वाडीतल्या पोरांकडून पाठ करून घ्या.

माडावरून, आंब्यावरून पडलेल्याला काखेत आणि मांड्यांना धरून उचलायची आपली सवय फार घातक आहे. मणका मोडला असेल तर त्या एका उचलण्याने माणूस जन्मभर अंथरुणाला खिळतो. एकाने दोन्ही हातांनी डोकं-मान स्थिर धरावी आणि "हलू नकोस" सांगत राहावं. रुग्णवाहिका पाखाडीखाली उभी असली तर तिचं स्ट्रेचर वर आणा. तेही शक्य नसेल तर दाराची फळी किंवा गोधडी अंथरलेली शिडी घ्या, आणि डोकं धरणाऱ्याच्या आकड्यावर तिघांनी मिळून त्याला ओंडक्यासारखा एकसंध वळवून तिच्यावर घ्या. सर्पदंशासाठी, छातीत दुखणाऱ्यासाठी मात्र खुर्चीची डोली उत्तम: हातांची प्लास्टिकची खुर्ची, दोन्ही बाजूंनी हातांखालून दोन बांबू, नायलॉन दोरीचे चार घट्ट फेरे आणि माणसाच्या कमरेभोवती एक ओढणी. आमची डोली पडवीत कायम बांधलेली असते.

बाकीचं थोडक्यात

तोंड एका बाजूला वाकडं, एक हात खाली पडतो, बोलणं बोबडं: हा पक्षाघात. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. म्हणून लक्षण नेमकं कधी सुरू झालं ते लिहा. मालिश करत बसू नका.

फीट आली तर कांदा, चप्पल, चमचा काही नको. कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर १०८. मधुमेही माणूस घामाघूम होऊन बावरल्यासारखं बोलू लागला तर शुद्धीवर असेपर्यंत साखरेचं पाणी द्या. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नका.

माशाचा काटा नव्हे, घासच अडकून माणूस निळा पडला आणि आवाज फुटत नसेल, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा, मग मागून बेंबीच्या वर मूठ धरून आत-वर पाच झटके. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटाऐवजी छातीवर दोन बोटांनी दाब. भाजल्यावर २० मिनिटं वाहतं साधं पाणी. कुत्रा चावल्यावर १५ मिनिटं साबण आणि वाहतं पाणी, मग त्याच दिवशी रेबीजची लस, आणि पुढचे सगळे डोस.

लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, लघवी कमी अशी तक्रार असेल तर लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची शंका धरा आणि "मी चिखलात काम करतोय" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. दोडामार्ग-सावंतवाडीकडे २०१६ पासून माकडतापही दिसलाय. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

महामार्गावर अपघात दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला घातलेलं १३४-अ हे कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही.

पेटी, आणि रंगीत तालीम

पेटीत फार काही नको: निर्जंतुक गॉझ, रुंद बँडेज, चिकटपट्टी, हातमोजे, कात्री, चिमटा, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉल, पेन आणि बॅटरी. ओआरएस नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मिठाचा चमचा वाढवू नका. पेटी उंचावर ठेवा, खाली कपाटात पावसाची ओल लागते.

तालीम वर्षातून दोनदा. एक मिरगाआधी, दुसरी गणपतीत, सगळे घरी असतात तेव्हा. आरती आटोपली की कुणीतरी मोठ्याने सांगतं, "आजीला साप चावलाय." मग एक जण बांगड्या काढतो, एक वेळ लिहितो, एक रेंजच्या जागी धावतो, एक फाट्यावर बॅटरी घेऊन उभा राहतो, चौघे डोली उचलतात. पहिल्या वर्षी आम्हाला दारातून निघायलाच अकरा मिनिटं लागली, कारण सगळेच डोलीकडे धावले आणि फोन कुणी केलाच नाही. गेल्या वर्षी चार मिनिटं लागली. तालीम संपली की भिंतीवरचा कागद खाली घेऊन पेन्सिलीने दुरुस्त करायचा. यंदा दोन दुरुस्त्या झाल्या: रिक्षावाल्याचा नंबर बदललाय, आणि खालच्या साकवाचा कठडा गेलाय, तिथे डोलीच्या पुढे एकाने बॅटरी घेऊन उलटं चालायचं.